आक्काच्या अळ्या

फाटकाची कडी वाजली की आतून आक्काचा आवाज यायचा, "काय लायेल शे?"

म्हणजे अंगाला काय लावून आलास. पावडर, सुवासिक तेल, डास पळवायचं मलम, काहीही. काही लावलेलं नाही असं सांगितलं तरी तिचा विश्वास बसत नसे. ती ओट्यावरून उतरायची, माझ्या खांद्याजवळ नाक आणून दोनदा हुंगायची आणि म्हणायची, "जाय, आंग धोई ये." मागच्या न्हाणीत अंघोळ केल्याशिवाय मला माझ्या खोलीत जाता येत नसे. आणि ती खोली मी रीतसर भाड्यानं घेतलेली होती.

मी सांगलीकडचा. सव्विसाव्या वर्षी आरोग्यसेवक म्हणून नंदुरबारकडे धानोऱ्याच्या पुढच्या एका गावात लागलो. दिवसभर दारोदार जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, बोटातून रक्त घ्यायचं, रांजण आणि टाक्यांतलं पाणी बघायचं, एवढंच माझं काम. पण गावानं मला पहिल्या आठवड्यातच डॉक्टर करून टाकलं, आणि आक्कानं 'डाक्टर'. अंगाला स्पिरिटचा वास कायमचा. त्यामुळे आक्काच्या फाटकात शिरताना मला रोज धाकधूक व्हायची. परीक्षेच्या हॉलमध्ये शिरताना होते तशी.

हे सगळं चाले ते घरामागच्या शेडसाठी. सरकारी कागदात त्याला कीटकसंगोपनगृह म्हणत. आक्का म्हणायची, 'पाव्हनासनं घर', पाहुण्यांचं घर. तिथं ती रेशमाच्या अळ्या पाळायची. रेशीम केंद्रातून नखाएवढ्या अळ्या यायच्या, तुतीचा पाला खाऊन तीनेक आठवड्यांत बोटाएवढ्या व्हायच्या, मग स्वतःभोवती कोष विणायच्या. तोच कोष विकायचा. त्या तीन आठवड्यांत आक्काच्या जिवाला स्वस्थता म्हणून नसे. उन्हाचा तडाखा वाढला तर पोती भिजवून दारा-खिडक्यांना टांगायची. ढग आले तर पोती काढायची. मुंग्या चढू नयेत म्हणून मांडण्यांचे पाय पाण्यानं भरलेल्या वाट्यांत ठेवलेले असत. पाल आत गेली का, उंदीर गेला का, जाळीला भोक पडलं का, हे बघत ती फिरायची. शेजारी तिच्या दिराचं घर, भिंतीला भिंत. तिथं मिरचीची फोडणी बसली की ही पदर तोंडाला लावून त्यांच्या दारात उभी. "जराशी तिकडली खिडकी उघड ना, बहीन." फोडणीचा ठसका अळ्यांना लागतो असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण लागत नाही असंही कुणी खात्रीनं सांगितलं नव्हतं.

मला ती क्वचित आत घेई. कडब्याच्या गंजीतून कुणी सावकाश चालत असल्यासारखा आवाज यायचा. त्या खात असत. आक्का डोळे मिटून ऐकायची. आवाज जरा मंदावला की तिचा चेहरा उतरायचा. "काय झायं? काबरं खाई नही ऱ्हायन्यात?" हे ती मला विचारायची! मी काय सांगणार? पण हळूहळू मलाही ते लागलं. उपकेंद्रात बसून रक्ताच्या काचपट्ट्यांवर नावं लिहिताना मधेच मनात यायचं, आज दुपारी ऊन फार आहे, तिनं पोती भिजवली असतील ना?

आक्का साठीच्या पुढची. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, तो वारलेला. एकुलता मुलगा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात. तो दिवाळीला आईला साडी पाठवायचा, झगमगीत, काठाला जर असलेली. आक्का ती उलगडायची, पदराच्या आतल्या टोकाचा एक धागा काढायची आणि देवापुढच्या वातीवर धरायची. जळलेल्या केसांचा वास आला आणि राख बोटात भुगा झाली तर रेशीम. टोकाला काळी कडक गोळी जमली तर प्लास्टिक. मुलाच्या साडीची दर वर्षी गोळीच व्हायची. आक्का ती साडी घडी करून पेटीत ठेवी आणि आपलं सुती पातळ नेसून पाला तोडायला जाई. मुलाला कधी बोलली नाही.

दुसऱ्यांना मात्र बोलायची. गावाबाहेर धानोऱ्याच्या रस्त्यावर बापूंनी लग्नाचा मोठा हॉल बांधला होता. बापू गावातले मोठे बागायतदार, पपईवाले. हॉलमधलं पहिलं लग्न त्यांच्याच मुलीचं. नवऱ्याकडच्यांनी सुरतेहून शालू आणला होता आणि शुद्ध रेशमाचा, शुद्ध रेशमाचा, असं मांडवभर सांगत होते. कुणीतरी बाई सहज म्हणाली, आक्का, तुले कळस ना, देख बरं. झालं. मी पाहुण्यांच्या रांगेत जिलेबीची वाटी घेऊन उभा. आक्का सरळ नवरीजवळ गेली, शालूच्या आतल्या काठाचा धागा ओढला, समईवर धरला, बोटांत चोळला आणि शांतपणे म्हणाली, "प्लास्टिक शे."

तिचा आवाज मुळात हलका. पण नेमका तेव्हाच बँड थांबला होता. नवऱ्याची आई उभी राहिली. मग मामा उभे राहिले. पुढचा तासभर लग्न लागतंय की मोडतंय, हे कुणाला कळत नव्हतं. बापू घामानं थबथबलेले, एकदा याच्या हाताला धर, एकदा त्याच्या. माझ्या हातातली जिलेबी तशीच राहिली. शेवटी लग्न लागलं. पण त्या दिवसापासून बापूंनी आक्काशी बोलणं टाकलं. आक्काला त्याचं खरंच नवल वाटायचं. "मी काय खोटं सांगं का, डाक्टर?"

"खोटं नाही आक्का. पण त्या वेळी..."

"मंग कोना वेळे सांगू? लगन झाया नंतर?"

ती अशी होती. आणि म्हणूनच पुढं जे झालं, ते मला अजून तपशिलासकट आठवतं.

पावसाळा सरला होता. गावात ताप सुरू झाला. आधी दोघं, मग एकाच आठवड्यात आठ जण. डोळ्यांच्या मागं दुखणं, अंगावर लाल पुरळ. तिघांचे नमुने डेंग्यूचे निघाले. सोमवारी तालुक्याच्या साहेबांचा फोन आला की गुरुवारी धूर फवारणीचं मशीन पाठवतो, गावात सांगून ठेव.

मी फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो मागच्या शेडचा. त्या धुरात डासांचं औषध असतं. डासाला जे मारतं ते अळीला सोडत नाही. आक्काच्या अळ्या पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेत होत्या. कोष विणायला आठवडाभर तरी अवकाश होता.

संध्याकाळी फाटकात तिनं हुंगायच्या आधीच मी सांगून टाकलं. ती ओट्यावर बसली. मग म्हणाली, "आज पाचवीना दुसरा दिन शे. सोमवारपावत थांब."

"माझ्या हातात नाही ते."

"धूर दिधा म्हंजे ताप थांबी जास का?"

खोटं बोलता आलं असतं. मी खरं सांगितलं. धुरानं फक्त उडणारे डास मरतात. साठलेल्या पाण्यात अंडी आणि अळ्या असतात, त्यांना धुराचं काही होत नाही. चार दिवसांत पुन्हा डास. मुख्य काम पाणी ओतण्याचं. पण लोकांना मशीन दिसलं की बरं वाटतं.

"मंग पानीच फेकी देऊत ना," आक्का म्हणाली.

मी साहेबांना फोन केला. आधी ते चिडले. मग म्हणाले, "ठीक आहे, सोमवारी. पण तुझ्या जबाबदारीवर. मधे काही झालं तर उत्तर तू द्यायचं."

त्यानंतर आठवडाभर फोन वाजला की मी आधी नंबर बघायचो. 

मंगळवारी सकाळी आक्का विजेरी आणि काठी घेऊन माझ्याबरोबर निघाली. शेडची सकाळची पाल्याची पाळी उरकून. घरोघर आम्ही फिरलो. मी वर्षभर तेच काम करत होतो, पण तिची नजर वेगळीच. कूलरच्या तळाशी, फ्रिजच्या मागच्या ताटलीत, गोठ्यातल्या टायरात, गच्चीवर टाकून दिलेल्या संडासाच्या भांड्यात. विजेरी मारायची, क्षणभर बघायची आणि म्हणायची, "शेत," म्हणजे आहेत. मला वाकून, डोळे बारीक करून बघावं लागे, तेव्हा कुठं पाण्यात वळवळणारा दोऱ्याएवढा जीव दिसे. लोक कुरकुरत. आक्का कुणाचं ऐकत नसे, भांडं उलटं करायची. पाणी मातीत जिरलं की काठीनं ती जागा उकरून बघायची.

बुधवारी दुपारी तिनं मला शेडच्या दारातून हाक मारली. शेवटच्या अवस्थेत ती कुणालाच आत घेत नसे. चुन्याच्या पाण्यात पाय बुडवून मी आत गेलो. ती मांडणीच्या पायाशी उकिडवी बसली होती. हातात विजेरी.

"देख," ती म्हणाली.

मुंग्यांसाठी ठेवलेली पाण्याची वाटी. त्यात त्या होत्या. पुढच्या वाटीत होत्या, त्याच्या पुढच्या वाटीतही. पायागणिक एक वाटी, अशा चाळीसेक वाट्या. वर मांडण्यांवर तिच्या पांढऱ्या अळ्या पाला खात होत्या आणि खाली, त्यांच्याच पायाशी, या.

मी म्हणालो, "ओतून टाकू. वाट्यांत राख भरू, मुंग्या चढणार नाहीत. कुणाला कळायचं कारण नाही."

 आम्ही दोघांनी वाट्या रिकाम्या केल्या. चुलीतली राख भरली. मग हात धुऊन ती म्हणाली, "तुन्ही वही आन."

आमच्या नोंदवहीत घरावार लिहायचं असतं, कुठं अळ्या सापडल्या, कुठं नाही. आक्काच्या घरापुढं मी मंगळवारीच 'नाही' लिहिलं होतं, न बघता. तिनं चष्मा लावला, बोट फिरवत ती ओळ शोधली.

"हाई खोटं शे."

"आक्का, राहू द्या."

तिनं माझ्या खिशातलं पेन काढलं, 'नाही' वर रेघ मारली आणि शाळकरी मुलीच्या गोल अक्षरात लिहिलं, 'आहे, वाट्या चाळीस'. आणि तेवढ्यावर थांबली नाही. पारावर जाऊन बायकांत सांगितलं, "मन्हा घरमा बी अळ्या व्हत्यात. शेडमा. तुम्ही बी आपआपलं घर नीट देखा."

तापातून नुकत्याच उठलेल्या एका मुलीची आई म्हणाली, "म्हंजे तुन्हा किडासनामुळे आमना घरमा ताप उना."

आक्का म्हणाली, "उना व्हई." म्हणजे आला असेल.

गुरुवारी सकाळी दिराची सून तापानं उठली नाही. ताप मंगळवारपासून होता, तिनं अंगावर काढला होता. पाच महिन्यांची गरोदर. तोंड धुताना हिरड्यांतून रक्त आलं. गाडी बोलावून तिला नंदुरबारला पाठवलं. गाडी गेली आणि मी उपकेंद्राच्या पायरीवर बसलो. सोमवार कुणी मागितला होता? मी. जबाबदारी कुणाची? माझी. डास चावल्यापासून ताप यायला किती दिवस लागतात हे मला पाठ होतं. धूर गुरुवारी आला असता तरी ही पोरगी आजारी पडणारच होती, हा हिशोब मी मनात दहा वेळा केला आणि दहाही वेळा त्यानं मला सोडवलं नाही.

आक्का तेव्हा आली. उपकेंद्राची पायरी ती पहिल्यांदाच चढत होती.

"बलाव तुन्हा मशीनले."

"आक्का, सोमवारला चारच दिवस..."

"अळ्या पुढला महिनाले बी ई जातीन. हाई पोर कोठून आनशी?"

मी फोन केला. शुक्रवारी संध्याकाळी मशीन येणार असं ठरलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

अळ्या हलवता येतील का, हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला. पण कुठं? धुरापासून लांब, बंद, सावलीची, मोठी जागा. गावाच्या आसपास अशी जागा एकच होती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि आक्का त्याच पावली बापूंच्या घराकडे निघाली. मी मागं.

बापू झोपाळ्यावर बसले होते. आक्का अंगणात उभी राहिली.

"बापू, हॉल पाह्यजे. चार-पाच दिन."

झोपाळा थांबला.  माझं लक्ष बापूंच्या पायाच्या अंगठ्याकडे, तो फरशीवर टेकलेला होता आणि हलत नव्हता.

"कोनं लगन शे?" बापूंनी विचारलं.

"लगन नही. मन्हा पाव्हना शेत."

बापूंनी माझ्याकडे बघितलं. मग आत आवाज दिला, चाव्या आणा म्हणून. चाव्या आक्काच्या हातात देताना म्हणाले, "तठे समई शे. तिले हात लावू नको."

शुक्रवारी पहाट फुटल्यापासून आम्ही वाहिलं. तुतीच्या फांद्या अळ्यांसकट उचलायच्या, जुन्या पातळांच्या झोळीत ठेवायच्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एकीवर एक न टेकता लावायच्या. पारावर बोललेली ती बाईही आली होती, न बोलता झोळीचं एक टोक धरून चालत होती. तुतीची बाग गावाला लागूनच, संध्याकाळी तिथवर धूर जाणार, म्हणून चार दिवसांचा पाला आधीच तोडून हॉलच्या स्वयंपाकघरात ओल्या पोत्यांखाली ठेवला. दुपारपर्यंत जेवणावळीच्या टेबलांवर, स्टेजवर, नवरा-नवरीच्या खुर्च्यांच्या मधल्या जागेत, सगळीकडे फांद्या आणि अळ्या. आक्का प्रत्येक टेबलापाशी थांबून ऐकत होती. आवाज येत नव्हता. हलवल्यामुळे त्यांनी खाणं सोडलं होतं.

संध्याकाळी गावात धूर झाला. पांढरा, डिझेलच्या वासाचा. मी मशीनच्या पुढं चालत दारं उघडी ठेवा म्हणून ओरडत होतो. आक्का हॉलमध्ये होती.

शनिवारी अळ्या मरायला लागल्या. आधी सुस्त व्हायच्या, मग लिबलिबीत, काळपट, घाण वासाच्या. आक्का दोन काड्यांनी मेलेली अळी उचलायची आणि चुन्याच्या बादलीत टाकायची. मीही काड्या घेतल्या. मेलेली एक राहिली तर शेजारच्या दहा जातात. दिराचा मुलगा नंदुरबारहून मला फोन करायचा, रक्तातल्या पेशी किती उतरल्या ते सांगायला. फोन वाजला की आक्काच्या काड्या हवेत थांबायच्या. मी आकडा सांगायचो. ती विचारायची, "कमी का जास्त?" "कमी." काड्या पुन्हा खाली. सकाळी कमी, दुपारी कमी, संध्याकाळी अजून कमी. तिनं दिवसभरात पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मला उगाच वाटत होतं की या टेबलांवरचं आणि तिकडच्या खाटेवरचं एकमेकांत गुंतलंय. एक अळी वाचवली तर तिकडे काही तरी वाचेल. आरोग्यसेवकानं असलं काही मनात आणू नये, पण आणलं.

सोमवारपर्यंत निम्म्या गेल्या होत्या. उरलेल्यांनी पुन्हा पाला धरला. आणि मंगळवारी सकाळी मी आत गेलो तर आक्का बोट वर करून उभी होती, बोलू नको म्हणून. अळ्या पिवळसर, पारदर्शक झाल्या होत्या. डोकी उचलून हवेत हलवत होत्या. विणायला जागा शोधत होत्या. कोष विणायच्या चंद्रिका, म्हणजे प्लास्टिकच्या घड्यांच्या जाळ्या, घाईत निम्म्याच आणल्या होत्या, बाकीच्या धुराच्या गावात राहिल्या. त्यामुळे जिला जाळी मिळाली नाही ती मिळेल तिकडं गेली. स्टेजवरच्या कागदी फुलांत, पडद्याच्या चुण्यांत, नवरीच्या खुर्चीच्या मखमली पाठीमागं. दुपारपर्यंत सगळीकडे पांढरं धुकं धरल्यासारखं जाळं दिसायला लागलं.

त्याच दिवशी चारच्या सुमाराला फोन आला. मी ऐकलं, आणि आक्काकडे बघून म्हणालो, "जास्त."

ती स्टेजच्या कडेला बसली. शुक्रवारनंतर तिला बसलेली मी पहिल्यांदा बघत होतो. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. चुन्यानं बोटांची सालं निघालेली.

सून नवव्या दिवशी घरी आली, वाळून गेलेली, भिंतीला धरून चालणारी. पुढं तिला मुलगी झाली, चांगली. गावात कुणी दगावलं नाही. आक्काचे कोष मात्र पातळ निघाले, बोटानं दाबले की बसायचे. व्यापाऱ्यानं बरेचसे बाजूला काढले. बापूंच्या पडद्यातून कोष सोडवायला तिला दोन दिवस लागले. पडद्याला डाग पडले होते, बापूंनी ते बदलले नाहीत.

वर्षभरानं माझी तळोद्याला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी तुतीच्या बागेत गेलो. नवी बॅच आली होती, आक्का कोयत्यानं फांद्या छाटत होती. मला एक गोष्ट इतके महिने खात होती. ती तिथं बोललो.

"आक्का, तो धूर झाला नसता तरी चाललं असतं बहुतेक. पाणी आपण ओतलंच होतं. नवीन रुग्ण कमी होतच होते. तुमच्या अळ्या उगाच गेल्या असं मला वाटतं."

"माले म्हाईत शे," ती म्हणाली. "तूच सांगेल व्हतं ना."

"मग मशीन का बोलवायला लावलंत?"

तिनं छाटलेल्या फांद्या एका बाजूनं सारख्या केल्या, पातळाच्या झोळीत ठेवल्या.

"ती पोर गाडीमा गई ना, तवय सारी गल्ली दार लायीसन बठेल व्हती, डाक्टर. भर दिवसले. लेकरंले ओट्टावर येऊ देत नव्हत्यात. कोनी कोनाना घरनं पानी पेत नव्हतं." तिनं झोळी उचलून डोक्यावर घेतली. "धूर उना, मंग कोठे दारं उघडी झायात."

आणि पाला कोमेजेल म्हणून ती घाईघाईनं घराकडे चालायला लागली.